दुसरी बाजू, चौकटीत

दुसऱ्याचं लिखाण नीट करण्यात माझा हात धरणारा नागपुरात कोणी नाही, असं मी गेल्या उन्हाळ्यापर्यंत मानत होतो. वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी मंत्र्यांची भाषणं माणसात आणली आहेत. शोकसभेची बातमी आणि साड्यांच्या सेलची जाहिरात एकाच पानावर गुण्यागोविंदाने नांदवली आहे! त्यामुळे धाकटी बहीण कामिनी तोंड पाडून घरात शिरली, तेव्हा मला हसूच आलं.

"दादा, जर्नलनं पेपर परत पाठवला गा. वाचलाबी नाही. म्हणे मांडणी नियमात बसत नाही."

कामिनी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. शिंगाड्याच्या वेलाची पानं खाणाऱ्या भुंग्यावर तिची पीएच.डी. चालली आहे. पारशिवनीकडच्या तलावांत ती इतक्या वेळा उतरली आहे, की तिथले भुंगे तिला नातेवाईक समजत असतील. आता फक्त हा एक पेपर स्वीकारला जायचा होता. त्याशिवाय प्रबंध जमा होणार नव्हता आणि कॉलेजातली कायम नोकरी लटकलेलीच राहणार होती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पेपर पुन्हा पाठवायचा होता आणि नेमकं शुक्रवारीच तिला तलावावर जायचं होतं.

"नियम दाखव," मी म्हणालो.

"पेपरापेक्षा नियम लंबे आहेत."

"मग तर माझंच काम! तू जा, भुंगे मोज. पेपर मी पाठवतो."

पासवर्ड देताना ती दोनदा थांबली. "दादा, फक्त समास, तक्ते आन् संदर्भ. मजकुराले हात नको लावजो हं!"

"डेस्कवर केस पांढरे झाले माझे," मी म्हणालो. हे उत्तर नव्हतं, हे आता कळतं.

शुक्रवारी सुट्टी टाकून बसलो. समास मोजले. दोन ओळींतलं अंतर सरळ केलं. तक्त्यांतल्या उभ्या रेघा काढल्या, आडव्या ठेवल्या. संदर्भांची यादी तर अशी लावली, की शाळेच्या कवायतीनेही लाजावं! लेखिकेचं नाव मजकुरात कुठेही नको, ते वेगळ्या पानावर हवं, असा एक नियम होता. मला तो अन्यायकारक वाटला, पण पाळला. दुपारपर्यंत काम झालंही होतं. तिथेच उठून जेवायला गेलो असतो तर आज ही कथा नसती.

पण शेवटचा हात फिरवताना एक वाक्य दिसलं. भुंगा थंडीत झोपतो, हा ज्येष्ठ संशोधक डॉ. चंद्रभान ठवकर यांचा निष्कर्ष आपल्या निरीक्षणांशी जुळत नाही, असं कामिनीने लिहिलं होतं.

माझ्यातला बातमीदार ताडकन उठून बसला. एका माणसाला जाहीरपणे खोटं ठरवलंय आणि त्याची बाजू कुठेच नाही? अशी बातमी घेऊन आलेल्या वार्ताहराला मी दारातूनच परत पाठवतो! कामिनीला फोन लावला. तलावावर रेंज नव्हती. ऑफिसच्या डायरीत ठवकरांचा रामदासपेठेतला नंबर मात्र होता.

"सर, एका शोधनिबंधात तुमचा निष्कर्ष चुकीचा ठरवलाय. तुमची प्रतिक्रिया?"

"कोनं ठरवला?"

"नाव सांगता येणार नाही. आम्ही सूत्रांची ओळख गुप्त ठेवतो."

"कोन्ता निष्कर्ष?"

"शिंगाड्याच्या भुंग्याचा. पारशिवनीकडचे तलाव."

"अहो, त्या भुंग्यावर इकडं दोघंच काम करून राहिलो. एक मी, आन् दुसरी ती कामिनी. कोनाचं नाव लपवून राहिले तुम्ही?"

मी घाईघाईने म्हणालो, "प्रतिक्रिया, सर?"

"लिहा! मी तलावात उतरून काम केलं. काठावर हुभं राहून भुंगा समजत नाही!"

काय वाक्य होतं! मी ते मजकुराच्या मधोमध दुहेरी रेघेच्या चौकटीत टाकलं. वर मथळा दिला, "दुसरी बाजू". ऑफिसच्या संग्रहात त्यांच्या सत्काराचा एक फोटो सापडला, तोही एका कॉलमात बसवला. मग पेपराचं मूळ शीर्षक फारच निर्जीव वाटायला लागलं. म्हणून नवं दिलं: "थंडीतही भुंगा जागाच! ज्येष्ठ संशोधकाच्या दाव्याला धक्का". मुदतीच्या आत पेपर जर्नलला पाठवला, आमच्या भाषेत पान सोडलं, आणि समाधानाने चहा टाकला.

कामिनी आली तेव्हा सलवार गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली होती. तिने लॅपटॉप उघडला.

"दादा, हा हार घातलेला मानूस काहून आहे गा माझ्या पेपरात?"

"दुसरी बाजू."

"अरे, दुसरी बाजू परीक्षक सांगत असते! जर्नल त्याले पेपर पाठवते. लेखक कोन ते त्याले कळू नाही, म्हनून तर नाव काढाले लावते! आन् या भुंग्याचा परीक्षक दुसरा कोन राहीन?"

मी कप बाजूला सारला आणि फोन ओढला.

मी लगेच रामदासपेठेत फोन केला. "सर, दुपारची प्रतिक्रिया झालीच नाही असं समजा."

"कसं समजू?" ठवकर गरजले. "जर्नलच्या कॉम्प्युटरनं आत्ताच पेपर तपासाले पाठवला. उघडला, तर आतून माझाच फोटो हासून राहिला! आता मी माझ्याच बोलण्यावर अभिप्राय देऊ काय?"

त्यांनी परीक्षण नाकारलं. संपादकांनी कळवलं की पेपर मागे घ्यावा, शुद्ध करून पुन्हा पाठवावा, दुसरा परीक्षक शोधायला वेळ लागेल. कामिनी माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पत्र दोनदा वाचलं आणि चिखलाचे कपडे भिजवायला निघून गेली.

रविवारी मी तिला स्कूटरवर बसवून ठवकरांकडे माफी मागायला नेलं. त्यांनी दार उघडलं, तिला आत घेतलं आणि मला हाताने थोपवलं.

"तुम्ही भाईरच बसा. पत्रकारासमोर मी बोलत नाही."

मी फाटकाशी स्कूटरवर बसून राहिलो. आतून आधी चढलेला आवाज आला, मग भांड्यांचा, मग चक्क दोघांचं हसणं. बाहेर आली तेव्हा कामिनीच्या हातात ठवकरांच्या जुन्या टिपणांचा गठ्ठा होता.

"काय ठरलं वं?"

"तुले सांगू? मंजे तू छापशील!"

त्यानंतर मला काहीच कळलं नाही. विचारायचं तोंड नव्हतं. तिच्या खोलीत लॅपटॉप उघडा दिसला की मी खाली बघत पुढे जात असे.

परवा जिन्यात शेजारच्या शोभाताई भेटल्या. त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

"कशाचा?" मी विचारलं.

"अगाई!" त्या म्हणाल्या. "तुमच्या बहिणीचा पेपर मंजूर झाला, आन् तुमाले ठाऊक नाही? पेपरवाले ना तुम्ही?"