पुनमची पदवी, लताबाईंची चूल

सोनगीरजवळच्या एका खेड्यातली पुनम परदेशी विद्यापीठात निवडली गेली. विषय भारदस्त होता: पर्यावरणस्नेही जीवन आणि मातीतली मूल्ये. शिष्यवृत्तीही पूर्ण होती. अट एवढीच, की ही मूल्ये उमेदवाराच्या घरी प्रत्यक्ष नांदत असावीत आणि शिक्षण संपेपर्यंत नांदत राहावीत. त्याची खातरजमा करायला धुळ्याहून तीन जणांची समिती दोन गाड्यांतून आली. परत बसताना आत गारवा असावा म्हणून गाड्या बाहेर चालूच ठेवल्या होत्या.

समितीने गोठा पाहिला, सारवलेल्या अंगणाबद्दल समाधान व्यक्त केले आणि ती स्वयंपाकघरात शिरली. तिथे अध्यक्षांचा चेहरा पडला. ओट्यावर गॅसची शेगडी होती.

"हे कधीपासून?" त्यांनी हलक्या आवाजात विचारले.

"मागली दिवायीपाईन," पुनमची आई लताबाई कौतुकाने म्हणाल्या. "धुरानी दम लागे माले. आते बरं वाटस."

"म्हणजे ऱ्हास अलीकडचाच आहे. अजून सावरता येईल," अध्यक्ष म्हणाले.

शेगडी दीर भाईदासच्या घरी रवाना झाली आणि मोडलेली चूल पुन्हा मांडली गेली. पुनम रडायलाच लागली. "माय, माले नही जानं."

"जाय व पोर. दोन वरीस खोकलसू, त्याले काय व्हस?"

पुरावा म्हणून दिलेला पेटत्या चुलीचा फोटो समितीने परत पाठवला. धूर पुरेसा दिसत नव्हता. पुनमच्या वडिलांनी, चुडामणभाऊंनी, चुलीत कपाशीच्या ओल्या काड्या सारल्या. लताबाई फोटोत दिसेनाशा झाल्या आणि फोटो मंजूर झाला.

तिकडे बाहेर बर्फ पडत होता आणि पुनम उबदार खोलीत अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत बसून आईच्या चुलीवर प्रबंध लिहीत होती. आईच्या खोकल्यावर तिने एक प्रकरण लिहिले. मार्गदर्शकांनी ते आरोग्य विभागाचे असल्याचे सांगून तळटिपेत घालायला लावले. पुढे कागदाची बचत म्हणून तळटीपही गेली. पुनमने एकदा हरकत घेतली, एकदा उसासा टाकला आणि तिला विशेष प्रावीण्य मिळाले.

परत आल्या आल्या ती भाईदासकाकांकडून शेगडी घेऊन आली. लताबाईंनी ती पदराने पुसली. तेवढ्यात अध्यक्ष हार घेऊन दारात हजर झाले. घर आदर्श घोषित झाले होते, पाहुणे राहायला येणार होते आणि व्यवस्थापक म्हणून पुनमची नेमणूक झाली होती.

"माय, फक्त शनवार-रविवार चूल," पुनम खाली बघत म्हणाली. शेगडी पाहुण्यांच्या चहासाठी मागच्या खोलीत गेली. त्या खोलीला एसीही बसला. पाहुणे आता रोजच येतात.

आम्हीही जाऊन आलो. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, केळीचं पान, कळण्याची भाकरी. काय चव होती! वाढता वाढता लताबाईंना खोकल्याची ढास लागली. जरा थांबून त्यांनी विचारले, "तुमना घर चूल शे का?"

आम्ही सगळे मनमोकळे हसलो. किती साधी माणसं!

तुम्हीही अवश्य जाऊन या. कपड्यांना धुराचा वास लागतो, पण घरी मशीनला लावले की एका धुण्यात जातो.