मोठ्यांच्या दवाखान्यात बन्सीधररावांचं मौन

"विठ्ठलाच्या साक्षीनं सांगतो, उद्या दवाखान्यात माझ्या तोंडून एक शब्द निघणार न्हाई. निघाला तर पोरगी खुशाल हॉस्टेलला जाईल."

भजन संपल्यावर बन्सीधररावांनी हे जाहीर केलं आणि ताडकळसचं भजनी मंडळ टाळ पोत्यात भरायचं विसरून त्यांच्याकडं बघत राहिलं.

"बन्सीभाऊ, तुमी झोपेतबी बोलता म्हणं," मृदंगाला खोळ घालत नागनाथराव म्हणाले.

"झोपेचं सोडा. मी जागेपणीचं सांगायलोय."

नागनाथरावांची शंका रास्त होती. बन्सीधरराव मिसरूड फुटल्यापासून कीर्तनात मागं टाळ घेऊन उभे राहत आले होते. आता टाळकऱ्याचं काम काय, तर बुवांनी अभंगाचं चरण अर्ध्यावर सोडलं, की मागच्यांनी ते उचलायचं. बुवांनी श्वास घ्यायला तोंड मिटलं की यांनी उघडायचं. हे काम त्यांच्या इतकं अंगात मुरलं होतं, की समोर कुणीही बोलता बोलता थांबलं, मग तो कंडक्टर असो की तलाठी, पुढचं वाक्य बन्सीधररावच पुरं करायचे. तेही वरच्या पट्टीत.

त्यांची अर्पिता चौथीत असताना तिला शुगर निघाली. पोरासोरांची ही शुगर गोळ्यांवर भागणारी नव्हे; रोज इन्सुलिन टोचायचं, बोटातून रक्त काढून आकडा बघायचा. तेव्हापासून बापलेक परभणीला माधवी मॅडमच्या बालरुग्णालयात जायचे. भिंतीवर जिराफ, बसायला हत्तीच्या आकाराच्या खुर्च्या. अर्पिता वाढत गेली आणि हत्ती लहान होत गेला. यंदा तर ती त्यावर बसली की कुणीतरी बया विचारायची, "तुझं बाळ कुठंय?"

मॅडम विचारायच्या तिला आणि उत्तर यायचं बन्सीधररावांकडून.

"अर्पिता, भूक लागते?"

"लागती की."

"झोप?"

"गाढ."

"पाळी?"

"वेळेवर हाय," बन्सीधरराव टाळ वाजवावा तसे म्हणाले. अर्पितानं ओढणी तोंडावर घेतली आणि माधवी मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"बन्सीधरराव, अर्पिता अठरा वर्षांची झाली. आता तिनं मोठ्यांच्या डॉक्टरांकडं जायचं. मी सगळी माहिती लिहून देते. पण तिथं तिचं तिनं बोलायचं. इतकी वर्षं मी हिला तपासतेय, पण हिचा आवाज कसा आहे ते मला अजून नीट माहीत नाही."

"गोड हाय," बन्सीधरराव म्हणाले.

आणि त्याच आठवड्यात अर्पिताचा कृषी विद्यापीठात नंबर लागला. तिला हॉस्टेलला राहायचं होतं. बन्सीधररावांचं म्हणणं वेगळं होतं. रात्री-बेरात्री शुगर उतरली, तर लेकराला कोण उठवणार? त्यापेक्षा रोज यष्टीनं जाऊन-येऊन शिकावं.

"पप्पा, माझं मी बघते म्हणायलेय, पण तुमी मला बोलू तरी द्या," अर्पिता म्हणाली. "नव्या डॉक्टरसमोर तुमी पाच मिनिटं गप राहून दाखवा. राहिलात तर मी यष्टीनं जाईन. बोललात तर हॉस्टेल."

"पाच मिनिटं कामून? दवाखान्यात पाय ठेवल्यापासून बाहेर पडेस्तोवर मौन."

आईनं, म्हणजे राजेश्रीबाईंनी, चुलीपुढूनच लेकीला सांगितलं, "अर्पे, कपडे भरून ठेव."

भजनाच्या दुसऱ्या दिवशी बापलेक परभणीच्या मोठ्यांच्या दवाखान्यात पोचले. इथं जिराफ नव्हता. भिंतीवर हृदयाचं उभं कापलेलं चित्र होतं आणि त्याखाली खोकणारी माणसं. बन्सीधररावांनी उंबऱ्यापाशी हात जोडले, ओठ मिटले आणि मौनात प्रवेश केला. फाईल त्यांनी पोथीसारखी लाल फडक्यात बांधून छातीशी धरली होती.

"पप्पा, तुमी बसा. मी केसपेपर काढून आणते," म्हणत अर्पिता रांगेत गेली. आजवर रांगेत तेच उभे राहायचे. आज लेक उभी राहिली आणि आपण बसलोय, या विचारानंच त्यांना दरदरून घाम सुटला. शिवाय शेजारी नर्मदाबाई नावाच्या एक म्हातारबाई होत्या. त्या प्रत्येक वाक्य अर्ध्यावर सोडत होत्या. "माझे गुडघे तर असे धरलेत की..." बन्सीधररावांच्या घशात पुढचे शब्द उड्या मारायला लागले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

नेमक्या तिथून बबिता सिस्टर चालल्या होत्या. घामाघूम माणूस, डोळे बाहेर आलेले, हात तोंडावर.

"काका, काय होतंय?"

काकांनी मान हलवली.

"नाव काय तुमचं?"

काकांनी आभाळाकडं बोट दाखवलं. विठ्ठलाची शपथ आहे, असं त्यांना सांगायचं होतं. सिस्टरना वाटलं, काका वरच निघाले. त्यांनी फडकं सोडून फाईल उघडली. पहिल्याच ओळीत लिहिलेलं, बऱ्याच वर्षांपासून मधुमेह, रोज इन्सुलिन चालू. त्यापुढं वाचायला कुणाला सवड होती?

"शुगर उतरलीय यांची. व्हीलचेअर आणा."

लिहून सांगावं, असं बन्सीधररावांच्या मनात आलं. पण लिहिणं म्हणजेसुद्धा बोलणंच की. विठ्ठल काय अडाणी आहे? त्यांनी अर्पिता होती त्या खिडकीकडं हात केला. "वारा पाहिजे म्हणतेत," नर्मदाबाईंनी अर्थ लावला आणि पदरानं वारा घालायला लागल्या.

सिस्टरनी बोट टोचलं. आकडा अगदी ठणठणीत आला.

"साखर तर बरोबर आहे," सिस्टर पुटपुटल्या. "मग माणूस बोलत का नाही?"

हा प्रश्न ताडकळसमध्ये आजवर कुणालाच पडला नव्हता.

"माझ्या दिराचंबी असंच झालतं," नर्मदाबाई म्हणाल्या. "सकाळी वाचा गेली, दुपारी तो गेला."

"गेला?" सिस्टर दचकल्या.

"नांदेडला. दवाखान्यात. पंधरवड्यानं आला की माघारी."

तोवर स्वतः डॉक्टर सिद्धोधन धावत आले. लकवा असेल, तर एकेक मिनिट मोलाचं. त्यांनी बन्सीधररावांना खाटेवर घेतलं.

"काका, दोन्ही हात वर करा."

बन्सीधररावांनी दोन्ही हात वर केले आणि कीर्तनातल्या सवयीनं एक पाऊलही टाकलं. खाटेवर आडवं असताना पाऊल टाकल्यावर पायाशी उभ्या बबिता सिस्टरना लाथ बसली.

"पायाला झटके येतायत, सर."

"काका, हसून दाखवा."

हसू फुटलं तर त्याबरोबर शब्दही फुटेल या भीतीनं बन्सीधररावांनी ओठांचा एकच कोपरा जरासा उचलला.

"तोंड वाकडं होतंय," डॉक्टर म्हणाले. "डोक्याचा स्कॅन काढू. यांच्यासोबत कोण आहे?"

केसपेपर हातात घेऊन अर्पिता आली, ती याच वेळी. नर्मदाबाईंनी तिला कवटाळलं. "तुझा बाप का गं? वाचा गेली, बाई, वाचा गेली."

अर्पिता खाटेपाशी धावली. मग तिनं बापाच्या डोळ्यांत पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती नुसती गप उभी राहिली असती तरी तिचं काम झालं असतं. त्या स्कॅनच्या बोगद्यात सरकवायला लागल्यावर पप्पांनी असा आवाज काढला असता, की हॉस्टेलची खोली तिथल्या तिथं मिळाली असती.

"सर, थांबा," ती म्हणाली. "पेशंट मी आहे. त्यांना काही झालेलं नाही. त्यांनी मौन धरलंय."

"कशासाठी?"

"मला बोलता यावं म्हणून."

बन्सीधररावांनी डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी अर्पिताला आत बसवलं आणि बन्सीधररावांना कोपऱ्यात स्टूल दिलं. मग प्रश्न सुरू झाले आणि स्टुलावर बसून बन्सीधरराव आपल्या लेकीचा आवाज ऐकायला लागले. कोणत्या जेवणाआधी किती टोचते, ताप आला तर काय करते, सुया कुठं ठेवते, सगळं तिनं सांगितलं. एकदाही ती अडली नाही. बुवा चरण सोडतच नव्हते, मग टाळकऱ्यानं उचलायचं काय?

"बाहेर असताना कधी शुगर उतरली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

अर्पितानं एकदा कोपऱ्याकडं पाहिलं. "एकदा. पूर्णेहून येताना, यष्टीत. हातपाय कापायले होते. पिशवीत साखर ठेवलेलीच असती, ती खाल्ली. शेजारच्या बाईला सांगून ठेवलं, की मी पेंगले तर तोंडात अजून घाला. ताडकळस यायच्या आधी बरं वाटलं."

"घरी सांगितलं?"

"न्हाई सर. पप्पांनी यष्टीच बंद केली असती."

बन्सीधररावांनी पुन्हा दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

"छान," डॉक्टर म्हणाले. "तब्येतीची काळजी घेता येते तुला. विद्यापीठात नंबर लागला म्हणालीस ना? मग हॉस्टेलला राहणार का?"

आणि आत्तापर्यंत घडाघडा बोलणारी अर्पिता पहिल्यांदाच थांबली. पैज पप्पांनी जिंकत आणली होती. बोट टोचून घेतलं, लकव्याचा पेशंट झाले, पण शब्द काढला नव्हता. तिनं मान खाली घातली. "सर, खरं तर मी..."

चरण अर्ध्यावर सुटलं.

"राहील," कोपऱ्यातून वरच्या पट्टीत आवाज आला. "लय चांगली राहील."

अर्पितानं वळून पाहिलं. बन्सीधररावांचे डोळे भरले होते. सवयीनं बोलले की समजून, ते त्या पांडुरंगालाच ठाऊक.

"काका, मी तिला विचारलं होतं," डॉक्टर म्हणाले.

पण बांध फुटला होता. हॉस्टेलच्या मेसात जेवण किती वाजता मिळतं, इन्सुलिन ठेवायला फ्रिज हाय का, खोलीतली दुसरी पोरगी जागसूद हाय का, हाकेसरशी उठती का, तिला एकदा भेटायला येऊ का, दर गुरुवारी आलं तर चालंल का, असं बन्सीधरराव जे सुरू झाले ते श्वास घ्यायलाही थांबेनात. बाहेर नर्मदाबाईंनी "आली गं बाई वाचा," म्हणत हात जोडले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि अर्पिताकडं पाहिलं. "यावर घरी काही औषध आहे का?"

"न्हाई सर," अर्पिता म्हणाली. "म्हणून तर हॉस्टेल पाहिजे."