आत्याबाईसाहेबांची बंदरस्वारी

श्रीगजाननास नमन, आणि ज्या दर्याने वाट दिली त्यासही नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी पूर्व समुद्रातील एका बंदरी जे वर्तमान घडिले ते पाहिले तैसे लिहितो, पदरचे काही घातले नाही.

ते दिवशी प्रातःकाळी उजेड आला तो कोणास कळो न देता आला. प्रथम पाणी काळे होते ते राखी जाहले, मग राखीत दुधाचा थेंब पडावा तैसे पांढुरके जाहले, आणि मग तो उजेड जहाजाच्या कठड्यावर चढिला, दवाने ओल्या लोखंडावरून कोणी बोट फिरवावे तैसा हळूहळू सरकत शेवटास गेला, आणि तेथून रिकाम्या खुर्च्यांवर उतरला. खुर्च्या प्लास्टिकच्या, निळ्या, रोजच्याच; परंतु प्रत्येकीच्या बैठकीत थोडे थोडे पाणी साचले होते आणि प्रत्येक पाण्यात एकेक आकाश निजले होते. एक खलाशी फडक्याने ती आकाशे पुसत येत होता. मग उजेड आमच्या मेजावर आला, चहाच्या पुडीचा दोरा कपाबाहेर लोंबत होता त्यावर थांबला, आणि मग आत्याबाईसाहेबांच्या मनगटावर गेला. तेथे एक जुनी सोन्याची पाटली, दुसरे काही नाही. तिजवर तो क्षणभर राहिला आणि पुढे समुद्रावर निघोन गेला.

आता राज्याचे वर्तमान. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि कुंड्यांनी भरलेली एक गॅलरी इतकाच मुलूख. त्यावर श्रीमंत कुमुदिनी आत्याबाईसाहेब यांचा अंमल. बाईसाहेबांचे यजमान लग्नानंतर अल्पकाळातच निवर्तले, तेव्हापासून हाती काचेचे कांकण नाही, अंगी रंग नाही. शाळेत शिकविणे आणि पोरक्या भाच्याचा प्रतिपाळ करणे यातच हयात गेली. तो भाचा म्हणजे हा बखर लिहिणारा सेवक. सेवक बोलण्यात मंद, बाजारात भाव विचारणे होत नाही, हॉटेलात पाणी मागणेही कठीण. परंतु राज्यास काही उणे नाही, दोघांचे उत्तम चालले आहे, ऐसे सेवकाचे मत होते, आणि ते मत सेवकाने सर्वांस सांगितले होते.

या दर्यास्वारीत आपल्याकडील पर्यटन कंपनीची फौज होती. आघाडीस सरनोबत पराग, हाती भगवे निशाण, ते फोन धरावयाच्या दांडीस बांधिले होते. फौजेत नलूताई परुळेकर नामे एक शूर बाई, ज्यांचा आवाज भोंग्याहून मोठा. आणि रघुवीरराव केळुसकर नामे एक विधुर सरदार, ज्यांची हयात दीपगृहावरील नोकरीत गेली. दुरून जहाजे पुष्कळ पाहिली, पाय मात्र प्रथमच ठेविला. या सरदारांनी आदले दिवशी चहाचे वेळी बाईसाहेबांपुढे तहाचा मजकूर ठेविला, की दोन्ही राज्ये एक करावी, आता उरलेले दिवस एका घरी काढावे. बाईसाहेब म्हणाल्या, “उद्या किनाऱ्यावरून परत येईपर्यंत सांगते.” हा मजकूर शेजारच्या मेजावर नलूताईंनी ऐकिला, सबब जेवणाआधीच सर्व फौजेस ठाऊक जाहला. सेवकासही ठाऊक जाहला, आणि सेवकाने मनात लिहिले की हा तह होणे नाही.

मग नाश्ता आटोपून फौजेने कूच केले. सरनोबत गर्जले, “मंडळी, जहाज कुणासाठी थांबत नाही हां! निशाण दिसलं नाही तर घाबरू नका, मला फोन करा!” बंदराबाहेर तीनचाकी सायकली सजवोन उभ्या होत्या, त्यांवर प्लास्टिकची फुले आणि मोठ्याने गाणी. सेवक बाईसाहेबांचे शेजारी बसू लागला तो नलूताईंनी दंड धरिला. “तू कुठे मध्ये शिरतोयस? ती गाडी भरली.” “भरली कुठे?” “केळुसकर बसतायत ना. तू पिशव्या घेऊन मागून ये, सोन्या.” येणेप्रमाणे पुढील गाडीत आत्याबाईसाहेब आणि सरदार, मागील गाडीत सेवक आणि पिशव्या, आणि सारे शहर मधोमध सरकत गेले. भिंतींवर चित्रे काढिली होती, त्यांपुढे लोक रांग लावोन छायाचित्रे घेत होते. मग दर्यादेवीचे देऊळ लागले, तेथे उदबत्तीची वेटोळी छतास टांगिली होती आणि राख हवेत अशी उतरे की जणू कोणी अक्षता टाकिल्या. बाईसाहेबांनी हात जोडिले. केळुसकर जवळ येऊन हळूच बोलिले, “आमच्या दिव्याखाली कोळणी नारळ ठेवायच्या. इथे दिवा नाही, पण बाई तीच.” बाईसाहेब हसल्या. ते हसणे सेवकाने पूर्वी ऐकिले नव्हते, तरी सेवकाने मनास समजाविले की धुराने ठसका लागला असेल.

तदनंतर बाजारावर हल्ला जाहला. मेणाच्या नक्षीचे कापड, जायफळे, पंखे, चपला, फौजेने काही बाकी ठेविले नाही. नलूताई दुकानदारास मराठीत ऐसे बोलिल्या की तो नमला. बाईसाहेबांनी शेजारच्या मुलींसाठी जांभळे घेतले, शाळेतील बाईंसाठी पिवळे, कामवालीच्या सुनेस नारिंगी, आणि स्वतःसाठी एक राखी वस्त्र अंगास लावोन सेवकास विचारिले, “हे मळखाऊ आहे, नाही? बरं दिसेल ना रे?” सेवक म्हणाला, “बरं आहे.” केळुसकर यांनी दृष्टी खाली केली. दुसऱ्या दुकानीही तैसेच. बाईसाहेब प्रत्येक वेळी सेवकाकडे पाहात, आणि सेवक प्रत्येक वेळी राखी रंगास होकार देई.

मग तमिळ लोकांची गल्ली लागली, आणि तेथे बांगड्यांचे दुकान. बाईसाहेब मुलींसाठी बांगड्या निवडू लागल्या, तो दुकानातील बाईने त्यांचाच हात धरिला, बोटांची हाडे आपल्याकडील कासारणीसारखी चेपून पाहिली, आणि खुणेने पुसले की रंग कोणता. फौजेने भाव करणे सोडिले. सरनोबतांचेही निशाण खाली आले. बाईसाहेबांनी हात सोडविला नाही. त्यांनी केळुसकरांकडे पाहिले नाही, नलूताईंकडे पाहिले नाही. सेवकाकडे पाहिले आणि पाहात राहिल्या. तेव्हा सेवकाचे ध्यानी आले की हे सकाळपासूनचे विचारणे कापडाविषयी नव्हते. आणि बाजारात कधी न फुटलेला आवाज फुटला.

“हिरव्या.”

“काय म्हणालास?”

“हिरव्या घे, आत्या. हात भरून घे.”

“अगं बाई, पोरगं बोललं!” ऐसे नलूताई ओरडल्या, आणि फौजेने टाळ्या पिटिल्या, रस्त्यावरील परके लोकही कारण न जाणता टाळ्या पिटिते झाले. दुकानातील बाईने बांगड्या एकेक करोन चढविल्या. मग बाईसाहेबांनी दोन्ही हात हालवोन नाद ऐकिला, आणि केळुसकरांस प्रथमच आज्ञा केली, “माझे हात आता मोकळे नाहीत. पिशवी तुम्ही धरा.” सरदारांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. ऐसा तह जाहला.

तो नलूताई म्हणाल्या, “ओटी भरल्याशिवाय मी हिला जहाजावर चढू देणार नाही.” फौजेतील एक वृद्ध बाई कुजबुजल्या, “पण असं चालतं का गं?” “चालतं की नाही ते मला विचारा. मी भरतेय.” नलूताईंच्या पर्समध्ये कुंकवाची कुयरी होती. तांदूळ वाण्याकडे मिळाले. नारळ मिळेना, मग गाडीवरील शहाळे घेतले, त्यात नळी खोचलेली तैसीच. सुपारी मिळेना, मग जायफळ. बाईसाहेबांच्या अंगी पंजाबी ड्रेस आणि पायी धावावयाचे बूट, ओढणीच्या पदरात भर रस्त्यात ओटी भरिली, आणि ज्या वृद्ध बाईंनी शंका काढिली होती त्यांनीच प्रथम कुंकू लाविले.

बंदराच्या दारी पहारेकऱ्याने अडविले. “नो फ्रूट.” नलूताई पुढे जाहल्या. “भाऊ, हे फ्रूट नाही. ओटी आहे.” “नो फ्रूट, मॅडम.” “अरे, लग्न ठरलंय तिचं!” जहाजाचा भोंगा वाजला. सरनोबत घामाघूम होऊन म्हणाले, “नलूताई, मी हात जोडतो, ते शहाळं टाका.” “ओटीतलं टाकतात होय रे?” तेव्हा आत्याबाईसाहेबांनी स्वतः तोड काढिली. शहाळे उचलिले, नळीने एक घोट घेतला, आणि तेच केळुसकरांपुढे केले. सरदारांनी सर्वांदेखत घोट घेतला, कान लाल जाहले. मग फौजेने ते पाणी हातोहात संपविले, कोणी मलई चमच्याने खरवडिली, एक चमचा पहारेकऱ्यासही गेला, आणि त्याने हसोन दार मोकळे केले. तांदूळ पदराच्या गाठीत राहिले, ते त्याने पाहिले नाही अथवा पाहोन न पाहिलेसे केले.

मग नांगर उठला. फौज जेवावयास गेली. आत्याबाईसाहेब आणि केळुसकर कठड्यापाशी उभे राहिले, त्यांचे बोलणे वाऱ्याने इकडे येईना, बांगड्यांचा नाद तेवढा येई. सेवक दूर एका खुर्चीत बसला होता. हात रिकामे होते, त्यांचे काय करावे हे काही काळ सुचले नाही.

येणेप्रमाणे बंदराची स्वारी फत्ते जाहली, बाजार जिंकिला, तह जाहला, दोन राज्यांचे एक राज्य होणार, शत्रू कोणी उरला नाही. होता तो एकच होता, आणि त्याने आपल्या तोंडाने हार मानिली, त्याचा त्यास आनंद आहे. उरली गोष्ट दरबारी भाषेत लिहिता येत नाही, म्हणून साधी लिहितो. मी घरात असतानाही आत्या एकटी होती.