डंकनची हजामत

घोड्यातलं आपल्याइतकं अख्ख्या हैदराबादेत कुणाला कळत नाही, अशी एकनाथरावांची खात्री होती. आजोबा निजामाच्या रिसाल्यात होते ना! आता ते तिथे घोड्यांच्या चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या, पोत्यांवर शिक्के मारायला होते आणि उभ्या जन्मात घोड्यावर बसले नव्हते, ही गोष्ट वेगळी. खुद्द एकनाथराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. घोड्याशी त्यांचा सगळ्यात जवळचा संबंध आला तो बुद्धिबळाच्या पटावर!

तेव्हा दिलसुखनगरात फंक्शन हॉल चालवणाऱ्या हणमंतरावांनी विलायतेहून घोडा आणल्याचं कळताच एकनाथराव जामबागेहून बस पकडून आपण होऊन हजर झाले. साल होतं चौऱ्याण्णव. गच्चीगच्चीवर टीव्हीच्या डिशच्या छत्र्या उगवल्या होत्या, लोकांना सगळं फॉरेनचं हवं होतं. मग नवरदेवानंच तेवढं देशी घोड्यावर का बसावं?

घोड्याचं नाव डंकन. त्याची निगा राखणारा, साठीला आलेला मोतद्दार यादगिरी त्याला ‘ढक्कन’ म्हणायचा. काळाभोर, रोडरोलरएवढा, आणि चारी पायांवर गुडघ्याखाली पांढऱ्या केसांचे असे झुपके, की साहेब बेलबॉटम घालून आलेत असं वाटावं! खूर दिसायचेच नाहीत. सारखा पाय आपटायचा, ते मात्र माशांमुळे असेल असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

घोड्याच्या मागोमाग विलायतेहून एक फॅक्स आला.

“तुम्हीच वाचा. माझं इंग्रजी पाट्यांपुरतं,” हणमंतराव म्हणाले.

एकनाथरावांनी चष्मा पुसला आणि खणखणीत आवाजात वाचलं, “बेअरफूट ऑलवेज. ट्रिम एव्हरी सिक्स वीक्स. कीप फेदर ड्राय. नेव्हर क्लिप.”

“म्हणजे?”

“अगदी सोपं! बेअरफूट म्हणजे अनवाणी. तबेल्यात चपला घालून जायचं नाही. इंग्रज घोड्याला फार मानतो. फेदर म्हणजे पीस, वरातीत डोक्यावर लावायचा तुरा! तो भिजता कामा नये. नेव्हर क्लिप, तुऱ्याला क्लिपा लावायच्या नाहीत, सुईदोऱ्यानं शिवायचा. आणि ट्रिम...” त्यांनी झुपक्यांकडे पाहिलं. “ते तर दिसतंच आहे!”

त्या बिचाऱ्या इंग्रजानं लिहिलं होतं ते इतकंच: घोड्याला नाल ठोकू नका, सहा आठवड्यांनी खूर कानशीनं घासून घ्या, आणि पायांवरचे केस, ज्यांना तिकडे फेदर म्हणतात, ते कोरडे ठेवा, चुकूनही कापू नका!

यादगिरी पुटपुटला, “साब, नालबंद को बुलाके खुरां घिसवाना बोलके होंगा।”

“यादगिरी, इंग्रजी तुला येतं की मला?”

झालं! तुरा प्लास्टिकमध्ये गुंडाळून एकनाथरावांच्या घरच्या गोदरेजच्या कपाटात गेला, बायकोच्या, तारामतीबाईंच्या, पैठणीशेजारी. तबेल्यात एकनाथराव अनवाणी हिंडू लागले. तिसऱ्याच दिवशी डंकननं पाय आपटला, तो नेमका त्यांच्या अंगठ्यावर! त्यांची किंकाळी चार गल्ल्यांपलीकडच्या कोचिंग क्लासात ऐकू गेली. अंगठा वांग्याएवढा झाला आणि वांग्याच्याच रंगाचा. पण नियम म्हणजे नियम!

सहा आठवडे भरले, त्याच संध्याकाळी डंकनची पहिली वरात होती. सकाळीच एकनाथरावांनी कोठीच्या बाजारातून न्हावी आणला.

“नक्को साब!” यादगिरीनं हात जोडले. “ये बालांइच इसकी शान है।”

“अरे, लग्नाला जाताना माणूससुद्धा हजामत करतो!”

तासाभरात चारी पाय गुळगुळीत! केसांनी दोन पोती भरली. बेलबॉटम उतरलेला डंकन आता अंगावरचा टॉवेल घसरलेल्या पैलवानासारखा ओशाळून उभा होता.

इतक्यात हॉलवरून हणमंतरावांचा फोन आला. “एकनाथराव, पायांचे केस छान विंचरून ठेवा हं! नवरदेवाच्या वडिलांनी, विजयबाबूंनी, ते केस बघूनच घोडा ठरवलाय. पत्रिकेवर फोटो छापलाय!”

एकनाथरावांच्या हातातून रिसीव्हर गळून पडला.

अंगठा सांभाळत, रिक्षा करून ते कोठीला धावले. नाटकाचं सामान भाड्यानं देणाऱ्या दुकानात पांढरे केस एकाच स्वरूपात मिळत होते. ऋषींच्या दाढ्या! त्यांनी चार घेतल्या. यादगिरीनं मान हलवत हलवत त्या चार पायांना बांधल्या. लांबून पाहिलं तर शंका येत नव्हती. जवळून पाहिलं तर चार तपस्वी डंकनखाली समाधी लावून बसल्यासारखे वाटत होते.

वरात निघाली. नवरदेव रितेश वर बसला होता, डोळे मिटून. बँडचा ढोल वाजला, डंकननं पाय आपटला आणि पहिली दाढी सुटून थेट करवलीच्या पायाशी!

“अगंबाई, उंदीर!”

दुसरी दाढी क्लॅरिनेटवाल्याच्या पायात अडकली. तो पडला, त्याच्यावर झांजवाला पडला. तिसरी डंकननं स्वतःच दातांनी ओढून काढली आणि भर रस्त्यात फतकल मारावी तसा ठिय्या देऊन तो एका पायानं दुसरा पाय खाजवू लागला. मागे बसगाड्यांची रांग लागली.

“ये क्या घोड़ा है की ड्रामा कंपनी?” विजयबाबू गरजले. रितेश तेवढ्यात घसरत खाली उतरला होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच श्वास घेतल्यासारखा खुश दिसत होता. तो चालतच मांडवात गेला.

हणमंतरावांनी ताबडतोब जनावरांच्या डॉक्टर मेधाताईंना बोलावलं. डंकनला हॉलच्या मागे बांधलं. मेधाताईंनी एकेक पाय उचलला, बॅटरीच्या उजेडात निरखला आणि करड्या आवाजात विचारलं, “हे केस कुणी कापले?”

नोकरीतल्या बत्तीस वर्षांची सवय! एकनाथरावांचं बोट आपोआप उठलं आणि यादगिरीवर स्थिरावलं.

“मैं?” यादगिरीनं आ वासला.

“शाबास!” मेधाताई म्हणाल्या. “केसांखाली खरजेचे किडे झालेत, पार खुरांच्या कडेपर्यंत. म्हणून पाय आपटत होता बिचारा. मलम लावायचं तर केस काढावेच लागतात. आणखी महिनाभर तसाच राहिला असता तर पाय गमावला असता! या माणसाला जनावरातलं कळतं.”

हणमंतरावांनी यादगिरीला मिठीच मारली. “आजपासून तू तबेल्याचा मॅनेजर!”

“खरं म्हणजे...” एकनाथराव पुढे सरकले.

“तुम्ही तर बोलूच नका!” हणमंतराव कडाडले. “त्या दाढ्या कुणी आणल्या, ते त्या परत न्यायला आलेल्या दुकानदारानं सांगितलंय मला. केस वाढेपर्यंत रोज मलम तुम्ही लावायचं!”

तेव्हापासून रोज सकाळी एकनाथराव पाटावर बसून डंकनचा एकेक पाय मांडीवर घेतात आणि खुरापासून गुडघ्यापर्यंत मलम चोळतात. शेजारी खुर्चीवर बसलेले मॅनेजरसाहेब बशीतून चहा फुरकत मधूनच म्हणतात, “एकनाथरावसाब, जरा नीचे. हौ, वहींच!”