उजव्या गुडघ्याला निमंत्रण

कराडच्या दिनकर पोफळ्यांचा उजवा गुडघा सोमवारी सकाळच्या एसटीने एकटाच साताऱ्याला गेला आणि दवाखान्यात भरती झाला. शास्त्र पुढे गेल्यापासून दुखतो तेवढाच अवयव जातो. बाकीच्या माणसाने घरी थांबून कामं उरकावीत. पोफळ्यांच्या घरी तर कामांचा डोंगर होता, कारण शुक्रवारी लेकीचं, मृदुलाचं लग्न होतं.

मंगळवारी ऑपरेशन झालं. यंत्राच्या हाताने केलेलं, केसाएवढी चूक नाही. इकडे कुबडीवर उभं राहून मांडव घालून घेताना पोफळ्यांना एकच घोर होता. कन्यादानाला पाटावर मांडी घालून बसायचं होतं. खुर्चीत बसून लेक द्यायची, हे त्यांच्या मनाला काही केल्या पटेना. त्यांनी फोन करून गुडघ्यासाठी सहा तासांची रजा मागितली.

"रजा मिळेल," वॉर्डच्या आंबवणे सिस्टर म्हणाल्या. "पण पेशंटला निमंत्रण आहे का?"

चारशे पत्रिका वाटल्या, गल्लीतलं एक घर सोडलं नाही, आणि साठ वर्षं सोबत चाललेल्या गुडघ्याला मात्र घरचाच म्हणून गृहीत धरलं. पोफळ्यांना स्वतःची लाज वाटली.

बुधवारी ते बायकोला, सुमनताईंना घेऊन साताऱ्याला गेले. 'श्री. उजवा गुडघा, खाट क्रमांक नऊ' असं लिहिलेली पत्रिका त्यांनी खाटेवर ठेवली, अक्षता दिल्या.

"नक्की यायचं हं," सुमनताई म्हणाल्या. "डावे भावोजी एकटे पडलेत."

गुडघा एकदा वाकला. सिस्टरांनी रजिस्टरमध्ये होकाराची नोंद केली.

शुक्रवारी तो वेळेवर आला. पोफळ्यांनी मांडी घातली. कुरकुर नाही, कळ नाही. लेकीचा हात जावयाच्या हातात देताना त्यांचे डोळे वाहत होते, पण बैठक हलली नाही.

तीनच्या सुमारास रजा संपत आली. मृदुलाचं सासर साताऱ्याच्याच बाजूला, म्हणून गुडघा तिच्याच गाडीत बसला. सुमनताईंनी त्याच्यापाशी टॉवेल-टोपी आणि लाडवांचा पुडा ठेवला. गाडी वळेपर्यंत पोफळे मांडवाच्या खांबाला धरून एका पायावर उभे होते. दोघंही एकदमच गेल्याने त्यांना फार एकटं वाटलं.

साडेचारला लेकीचा फोन आला. "बाबा, पोचवलं त्याला. खाटेवर नीट निजवलंय. सोमवारी घरी सोडतील म्हणाले."

"आणि तुला?" पोफळ्यांनी विचारलं.

"मला दिवाळीला," मृदुला म्हणाली.