जगूभाई जागा काढतात

जगूभाईंना रिकामी जागा बघवत नाही. डहाणू स्टेशनाबाहेर शेअर रिक्षा भरत असली की ते बसलेल्या माणसांना उठवून पुन्हा बसवतात. "काका, तुम्ही मधे या. पिशवी पायाशी घ्या. बाई, जरा तिरक्या बसा, आणखी एक कॉलम निघतोय." रिक्षावाला खूश, बसलेले वैतागलेले, आणि त्या निघालेल्या कॉलमात जगूभाई स्वतः. लग्नाच्या जेवणातसुद्धा ते ताटाकडे मान वाकडी करून बघतात आणि वाढप्याला सांगतात, "भाजीच्या बाजूला कोशिंबीर बसेल."

दोष त्यांचा नाही, धंद्याचा आहे. बाजारात त्यांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं चालूच असतात, पण सगळा जीव आमच्या समाज मंडळाच्या त्रैमासिकात. झाईपासून डहाणूपर्यंत किनाऱ्यावरच्या बऱ्याच घरांत आमचा अंक जातो. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून प्रूफं तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पानं लावणार जगूभाई. पानाला तीन कॉलम, आणि त्यात नव्या बोटीची पूजा, दहावीचे निकाल, श्रद्धांजल्या, बर्फाच्या कारखान्याची जाहिरात आणि एखाद्या निवृत्त तलाठ्याची पावसावरची कविता, असं सगळं बसलं पाहिजे. कविता तर दर अंकात असते, काही इलाज नाही.

नाही हा शब्द जगूभाईंना येत नाही. कुणी शेवटच्या क्षणी कागद घेऊन धावत आला तरी त्यांचं एकच, "ठेवून जा, जागा काढतो." मग अक्षर किंचित बारीक होतं, ओळी एकमेकींना चिकटतात, सत्कारमूर्तीचा हार अर्धा कापला जातो. पण जागा निघते.

दोन कॉलमांच्या मधल्या मोकळ्या पट्टीला या धंद्यात गटर म्हणतात. आता हे मंडळाच्या अध्यक्षांना कोण सांगणार? त्यांचा फोटो पानावर लावताना जगूभाई त्यांच्या तोंडावर म्हणाले, "साहेब, तुमचं नाक गटरात जातंय." अध्यक्ष खुर्चीतून उठलेच. मी घाईघाईने समजावायला गेले, तर हे स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणतात, "घाबरू नका, मी ओढून बाहेर काढतो." अध्यक्षांनी त्यानंतर बरेच महिने फोटो दिला नाही. ते अंक फार सुटसुटीत निघाले.

जगूभाईंची बायको हिरा मासळी बाजारात बसायची. माल संपला की रिकामी टोपली घेऊन थेट दुकानात यायची आणि पहिलं प्रूफ वाचायची. शाळा लहानपणीच सुटलेली, त्यामुळे अक्षरावर बोट ठेवून सावकाश वाचायची. लांबलचक ओळीत ती हरवायची, कॉलमात मात्र बरोबर खाली उतरायची. म्हणून तर आमच्या अंकाला तीन कॉलम. माझ्याकडे येणाऱ्या प्रूफांना सुक्या बोंबलाचा वास यायचा तोही तिच्यामुळेच. वाचून झालं की विचारायची, "सगळ्यांचं बसवलंत. माझ्या चार ओळी बसतील काय कुठे?"

"पुढच्या अंकात, हिरा," जगूभाई माउस हलवत म्हणायचे. ती हसायची आणि टोपली उचलून घरी जायची. प्रत्येक अंकाला हे ठरलेलंच होतं, आम्हाला ती नवराबायकोची थट्टा वाटायची.

गेल्या वर्षी हिरा गेली. तापाचं निमित्त झालं, दवाखान्यात नेलं ती परत आली नाही. तिच्या श्रद्धांजलीचं पान जगूभाईंनीच लावलं. तेवढा एकच फोटो त्यांनी कुठेही कापला नव्हता.

आणि आता छापील अंकच बंद व्हायची वेळ आली. बैठकीत अध्यक्षांनी जाहीर करून टाकलं, "हा शेवटचा. पुढचा अंक मोबाइलवर. छपाईची कटकट नाही, आणि जागेचा तर प्रश्नच मिटला. ज्याला जेवढं लिहायचं तेवढं लिहा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जगूभाईंनी फक्त विचारलं, "आणि कॉलम?"

"फोनवर कसले कॉलम? सरळ एक पट्टा."



शेवटच्या अंकाची प्रूफं घ्यायला मी दुकानात गेले. मागच्या पानावर तिसऱ्या कॉलमाच्या तळाशी बोटभर जागा कोरी होती. मला वाटलं, डोळे थकले माणसाचे. म्हटलं, "जगूभाई, इथे काहीतरी सुटलंय. चिकूच्या रोपांची जाहिरात पडून आहे, ती टाका की."

"राहू द्या बाई. ती हिराची जागा आहे."

मी म्हटलं, "अहो, मग तिच्या ओळी घाला ना. कोरी कशाला ठेवता?"

"कुठल्या घालू?" ते म्हणाले. "काय लिहायचं होतं ते मी कधी विचारलंच नाही. गावाला जागा काढून देत बसलो. ती विचारायची तेव्हा मला वाटायचं, घरचंच माणूस आहे, कुठे पळून जातंय."

फार वाईट वाटलं. इतक्या वेळा ती विचारत होती आणि एकदाही कुणी म्हटलं नाही, की सांग बाई, काय लिहायचंय तुला. मी प्रूफावर सही केली आणि ती जागा तशीच सोडली.

अंक घरोघर पोचला. मी दुकानात बसले असताना झरीहून एका वाचक गुरुजींचा फोन आला. आवाज मोठा, मलाही ऐकू येत होता. "जगूभाई, मागच्या पानावर कोपरा कोरा आलाय. काही छापायचं राहून गेलं का?"

जगूभाई त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून बसले होते.

"हो गुरुजी," ते म्हणाले. "राहून गेलं."