कुंपणापलीकडचा पगार

नागरिकाला परदेशी जोडीदार घरी आणायचा असेल, तर त्या नागरिकाचं वार्षिक उत्पन्न निदान एकोणतीस हजार पौंड असलं पाहिजे, असा नियम आहे. नियमामागचा विचार उदात्त आहे. आलेल्या जोडीदाराचा भार सरकारवर पडू नये; ज्याने प्रेम केलं त्यानेच तो उचलावा. प्रेम मोजायचं यंत्र अजून निघालेलं नसल्यामुळे तूर्तास पगार मोजतात.

लाउरी प्यूला हा नियम पूर्वी पटलेला होता. वेल्सच्या किनाऱ्यावरच्या आबेरवेन गावात तो सगळ्यांनाच पटलेला होता. नियम असतातच पटण्यासारखे. फक्त ते स्वतःला लागू झाले की त्यांत छपाईच्या चुका दिसायला लागतात.

लाउरीचा नवरा झुराब जॉर्जिया देशातल्या कुताइसी शहरातला. ती तिथे दोन वर्षं इंग्रजी शिकवायला गेली, तिथेच लग्न झालं, आणि बाळंतपणाला ती आईकडे आली ती तिथेच अडकली. मुलगी नेस्टा आता चौदा महिन्यांची होती. बाप म्हणजे फोनमध्ये राहणारा, दाढीवाला, बोटाएवढा माणूस, अशी तिची समजूत होती. तो दिसला की ती त्याला बिस्किट भरवायची. फोनच्या भोकात इतका चुरा गेला होता की झुराबचा आवाज अलीकडे दाताखाली खडा आल्यासारखा यायचा.

लाउरी शनिवार-रविवारी आणि तीन संध्याकाळी गावातल्या वृद्धाश्रमात काम करायची. तेवढ्या वेळात टपाल कचेरीत नोकरी करणारी तिची आई माइर मोकळी असायची आणि नेस्टाला बघायची. या कामाचे वर्षाला सतरा हजार सहाशे पौंड मिळत. उरलेला सगळा आठवडा लाउरी घरी नेस्टाबरोबर असायची.

गुरुवारी गावच्या वाचनालयात इद्वल प्रॉसर नावाचे निवृत्त हिशेबनीस बसत आणि लोकांना फुकट अर्ज भरून देत. लाउरीने त्यांच्यापुढे कागद पसरले. झुराब तिकडे पुलांचे आराखडे काढतो आणि चांगलं कमावतो, हे तिने सांगितलं. ते मोजत नाहीत, असं प्रॉसर म्हणाले. सासऱ्यांची द्राक्षबाग आहे. तीही मोजत नाहीत. आई लेखी द्यायला तयार आहे की दोघांना पोसेन. आईचा शब्द तर अजिबातच मोजत नाहीत.

"मग काका, मी सोमवार ते शुक्रवार दिवसभर करते ते?"

प्रॉसरनी चष्मा वर करून रकाना पुन्हा वाचला, कारण ते घाईने उत्तर देणाऱ्यांपैकी नव्हते. "ते म्हणजे काही नाही," ते म्हणाले. "शेजारणीचं मूल सांभाळलंस तर नोकरी. आपलं सांभाळलंस तर घरीच असतेस."

शेजारीण होती कादी बेवन. तिचा नवरा मालट्रक घेऊन सोमवारी जायचा तो शुक्रवारी उगवायचा, आणि ती दीड वर्षाच्या गेथिनला घेऊन घरीच असायची. दोन्ही घरांची एक भिंत सामाईक होती, आणि अंगणांच्या मध्ये कमरेएवढं कुंपण होतं. लाउरीने त्या दुपारी चहा पिता पिता तिला सगळं सांगितलं. कादीने बराच वेळ बिस्किट चहात धरलं, ते विरघळून बुडालं तेव्हा ती म्हणाली, "मीही काहीच करत नाही, तूही काहीच करत नाहीस. अगं, मग आपण अदलाबदल करून काहीतरी करू या की."

पुढच्या गुरुवारी प्रॉसरनी ही योजना तपासली आणि तिच्यात त्यांना एकही खोट सापडेना, म्हणून ते थोडे अस्वस्थ झाले. कादीने गेथिनला सांभाळायला लाउरीला नोकरीवर ठेवायचं, महिना साडेनऊशे पौंड. लाउरीने नेस्टाला सांभाळायला कादीला ठेवायचं, महिना साडेनऊशे पौंड. एकोणतीस हजाराला जेवढे कमी पडत होते ते पौंडन्‌पौंड भरून निघत होते. एकाच हातातून निघालेले पैसे त्याच हातात परत येणार हे खरं. पण काय आत आलं एवढंच अर्जात विचारलं होतं. काय बाहेर गेलं हे विचारायला रकानाच नव्हता.

दर फेरीला त्या पैशांतून कराचा एक घास मात्र कापला जायचा. तेवढी भर झुराब कुताइसीहून पाठवायचा. त्याचा पगार सरळ घरी आला तर तो मोजत नव्हते. कुंपणापलीकडे जाऊन, कर भरून, कादीच्या हातून परत आला की तोच पगार मोजत होते.

दोघींनी रीतसर करार केले. दोघींनी बालसुरक्षेचा वर्ग केला, जिन्याला फाटक बसवलं, आग विझवायची नळकांडी भिंतीला टांगली. आणि एका सोमवारी सकाळी नऊ वाजता दोन्ही आयांनी कुंपणावरून मुलं बदलली. दोघीही एकमेकींना "माफ कर हं" म्हणाल्या. कशाबद्दल ते दोघींनाही सांगता आलं नसतं, पण या गावात म्हणायची पद्धत आहे.

झुराबला हे कळलं तेव्हा तो फोनमध्ये इतका हसला की नेस्टाने बिस्किट मागे घेतलं.

"आमच्याकडे दोन कागद केले असते, दोन सह्या ठोकल्या असत्या, आणि बायका आपापली पोरं काखेला मारून घरी गेल्या असत्या. तुम्ही खरंच पोरं बदलता?"

"लिहून दिलंय, झुराब."

"पण कोण बघतंय?"

लाउरीला प्रश्नच कळला नाही. लिहून दिलेलं करायला कुणीतरी बघावं लागतं, ही कल्पना आबेरवेनपर्यंत पोचलेली नव्हती. तिने समजावलं की लवकर एकत्र राहायचं असेल तर हे नीट करायला हवं, सहा महिने, एकही खाडा न करता. मग तो हसायचा थांबला, आणि म्हणाला की बरं, नीट कर.

तिने नीट केलं. नऊ ते पाच ती गेथिनची दाई होती. त्याला भरवायची, झोपवायची, त्याचे डायपर मोजून वहीत लिहायची. भिंत पातळ होती; पलीकडे नेस्टा रडली की तिला ऐकू यायचं. पण ती कामावर होती. अकरा वाजता दोघी एकाच स्वयंपाकघरात चहाला बसायच्या, तेव्हा गेथिन लाउरीच्या मांडीवर आणि नेस्टा कादीच्या. नेस्टा हात पसरून आईकडे झेपावायची, तेव्हा लाउरी घड्याळ बघायची आणि तिला म्हणायची, "पाच वाजता, राणी." नेस्टाला घड्याळ कळत नव्हतं. तिला फक्त आई कळत होती, आणि आई समोर बसून दुसऱ्याला केळं भरवत होती.

या देशात मूल पडलं तर सांभाळणारीने अपघाताची नोंद करून पालकाची सही घ्यावी लागते. एकदा नेस्टा चहाच्या वेळी टेबलाला आपटली. लाउरी वीतभर अंतरावर होती. कादीने आधी नेस्टाला उचललं, मग कपाळावर थंड फडकं ठेवलं, मग वही काढून लिहिलं: 'कपाळ, उजवी बाजू, टेंगूळ लहान. आईला कळवलं.' आणि वही लाउरीपुढे सरकवली.

"माफ कर हं. इथे सही."

"नाही नाही, तूच माफ कर," लाउरी म्हणाली आणि कळवलं गेल्याची सही केली. पाच वाजेपर्यंत टेंगूळ बरंच उतरलं होतं, तेव्हा तिने त्याचा पापा घेतला.

असे साडेचार महिने गेले. पाचव्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, नेस्टाला उलट्या झाल्या.

करारात स्पष्ट होतं: उलट्या झालेलं मूल अठ्ठेचाळीस तास सांभाळायला घेता येणार नाही. म्हणजे कादी नेस्टाला घेऊ शकत नव्हती. नेस्टा घरी, म्हणजे लाउरीला घरी राहणं भाग. आणि आजारी मुलाच्या घरात गेथिनलाही आणता येत नव्हतं. लाउरीने दोन दिवसांची बिनपगारी रजा घेतली. ते दोन दिवस ती कोचावर बसून होती. नेस्टा तापलेल्या पावासारखी तिच्या छातीला चिकटून झोपली होती. खिडकीबाहेर समुद्री पक्षी भांडत होते, सिंकमध्ये भांडी पडली होती, आणि पाच वाजायची वाट बघायची नव्हती. लाउरीला नंतर आठवून लाज वाटली, पण त्या पाच महिन्यांत इतकं बरं तिला कधीच वाटलं नव्हतं.

महिनाअखेर कादीने पगारपत्रक दिलं. दोन दिवसांचे शहाऐंशी पौंड कापलेले होते.

"मी कापणार नव्हते," कादी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पण तू आली नव्हतीस ना गं."

"नव्हतेच आले," लाउरी म्हणाली. "बरोबर आहे तुझं."

प्रॉसरनी ते पगारपत्रक उजेडात धरलं, जणू शहाऐंशी पौंड कागदाच्या मागच्या बाजूला गेले असतील. सहा महिन्यांतला सगळ्यांत कमी पगार धरतात आणि त्याला बाराने गुणतात, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. दोन दिवसांची रजा आता बारा महिने दर महिन्याला घेतली असं धरणार. वर्षाला एक हजार बत्तीस पौंड कमी. हा महिना मागे पडेपर्यंत, म्हणजे पहिल्यापासून पुन्हा सहा महिने, अर्ज करून उपयोग नाही.

"आपलंच मूल दोन दिवस मांडीवर घेतलं, काका."

"हो ना," प्रॉसर म्हणाले. त्यांनी खिशातून पेपरमिंटची गोळी काढून तिच्यापुढे ठेवली. "पुढच्या वेळी तापात तिला तुझ्या आईकडे दे. तिने नोकरीतून रजा काढली तर ती मोजत नाहीत, आणि तुझा खाडा होणार नाही."

लाउरीने पुन्हा सहा महिने काढले. या खेपेला नेस्टाला दोनदा ताप आला आणि दोन्ही वेळा माइरने आपल्या टपाल कचेरीतून रजा काढली आणि लाउरीने गेथिनला त्याच्याच घरी जाऊन सांभाळलं. नेस्टा बोलायला लागली. ती कादीला 'आई' म्हणायची आणि लाउरीला 'पाच', कारण रोज पाच वाजले की लाउरी यायची. लाउरी हाकेला ओ द्यायची.

अर्ज गेला. उत्तर यायला अजून चार महिने लागले. पत्रात लिहिलं होतं की अर्जदाराने कुटुंब सांभाळण्याची आर्थिक क्षमता समाधानकारकरीत्या सिद्ध केली आहे.

झुराब एका शनिवारी आला. बसमधून उतरला तो बोटाएवढा नव्हता, हे बघून नेस्टा आजीच्या मागे लपली. संध्याकाळपर्यंत तिने त्याच्या दाढीत एक बिस्किट खुपसून पाहिलं आणि तो खरा असल्याची खात्री करून घेतली. लाउरीने वृद्धाश्रमातून त्या दोन दिवसांची भरपगारी सुट्टी घेतली होती; रविवारी तिघं दिवसभर गालिच्यावर लोळले.

सोमवारी पावणेनऊला लाउरीने नेस्टाला जाकीट चढवलं.

"कुठे निघालात?" झुराबने विचारलं. "आता मी आहे ना घरी. मी सांभाळतो तिला."

लाउरीने त्याला खुर्चीवर बसवलं आणि समजावून सांगितलं. नेस्टा घरी राहिली तर कादीची नोकरी जाईल. कादीचा पगार गेला की ती लाउरीला पगार कुठून देणार? साडेनऊशे गेले की एकोणतीस हजार राहत नाहीत. आणि अडीच वर्षांनी परवाना वाढवून घ्यायचा असतो, तेव्हा पुन्हा सगळं मोजतात.

"तू नोकरी शोधशील, ती लागेल, मग बघू," ती म्हणाली. "तोवर तू इथे राहावंस म्हणून ती तिकडे जाते."

झुराब पूल बांधणारा माणूस होता. वजन कुठून कुठे जातं ते त्याला कळायचं. त्याने सगळं मनात एकदा फिरवून पाहिलं. "म्हणजे मी माझ्या मुलीला सांभाळलं, तर मला माझ्या मुलीपासून दूर पाठवतील."

"लगेच नाही," लाउरी म्हणाली. "आधी पत्र येतं."

बाहेर कादी गेथिनला घेऊन कुंपणापाशी येऊन थांबली होती आणि उगाचच दुसरीकडे बघत होती. झुराबने लेकीला उचललं. तिने त्याच्या मानेला मिठी मारली होती. ती सोडवायला त्याला वेळ लागला.

"आणि काल आपण दिवसभर केलं ते?" त्याने विचारलं.

"काल रविवार होता. काल आपण काही केलं नाही."

तुम्ही इथवर आलात, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं तरी निवांत बसून वाचलंत. तेवढ्या वेळात तुमचं मूल, तुमचे म्हातारे वडील, नाहीतर गॅसवरचं दूध कुणीतरी सांभाळलं असणार. ती काय करते, असं उद्या कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगता? घाई नाही, आठवून सांगा. दूध तिने केव्हाच उतरवलंय.